गाडेकरांच्या हॉलमधलं डोळ्यांचं शिबिर

तुम्ही म्हणाल, झालं, मंगलकाकू पुन्हा कुणाच्या तरी घरात डोकावल्या. चहा घ्या आणि ऐका तर खरं. या वेळी जी फजिती झाली तिच्यात दोष माझा नाही, गिरणीचा आहे. निदान अर्धा तरी.

ज्वारीचा डबा घेऊन मी दळणाच्या रांगेत उभी होते. पुढे आमच्या मागच्या गल्लीतल्या कमलबाई. त्या शेजारच्या बाईला सांगत होत्या, "अहो, गाडेकरांच्या ऋतुजानं घरीच सुरू केलंय. माणसं येतात, त्यांच्या डोळ्यांवर ती मशीन चढवते. आमच्या भाच्याला तर जन्मात कधी दिसलं नव्हतं ते दिसायला लागलं, आणि मग..."

घर्रर्र! गिरणीवाल्यानं नेमका तेव्हाच खटका ओढला. कमलबाईंचे ओठ हलतायत, हात हलतायत, शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसतेय, आणि मला एक अक्षर ऐकू येईना. गिरणी थांबेपर्यंत कमलबाई पिठाचा डबा स्कूटीच्या पुढ्यात ठेवून गेल्यासुद्धा.

आता सांगा, माणसानं काय करावं? गाडेकर माझ्या कुंपणाला कुंपण लागून. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी आणि त्यांच्या हॉलची खिडकी समोरासमोर. आणि बातमी मागच्या गल्लीत आधी पोचते? सावेडीत एवढी वर्षं मी काय भाकऱ्या थापत बसले होते?

ऋतुजाला सरळ विचारलं असतं तर? तेच आमचे हे म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान, एसटीतून निवृत्त झालेले, त्यांना सगळं सरळ लागतं. पण विचारून कळलेल्या गोष्टीत काय राम? मी भाजी निवडायला खिडकीत बसले.

आणि काय दिसलं म्हणता! गाडेकरांच्या काचा नेहमीसारख्या धुरकट. नलूवहिनींना, म्हणजे ऋतुजाच्या आईला, मी किती वेळा सांगितलंय, अहो, काचा पुसत जा. पण दिसायचं ते दिसलंच. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवलेला. मधोमध तीन तरुण पोरं उभी. तिघांच्या डोळ्यांवर काळे डबे, मागून पट्ट्यानं आवळलेले. हात हवेत.

"तो लाल बघ, खाली चाललाय," एक म्हणाला.

"कुठाय? मला नाही दिसत."

"माझ्या बाजूला ये. आता?"

"हां! दिसला, दिसला!"

ऋतुजा कोपऱ्यात स्टुलावर बसून बघत होती. पोरांनी डबे काढल्यावर तिनं मायेनं विचारलं, "आधी दिसत नव्हतं ते नेमकं कधी दिसायला लागलं?"

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ तुम्ही काय लावला असता? मी लावला तोच. डोळे तपासतेय पोरगी! नव्या मशीननं, घरच्या घरी, आणि फुकट. कारण जाताना पोरांनी खिशात हात घातला नाही, उलट तिनंच त्यांना चहा पाजला.

संध्याकाळी नलूवहिनी तुळशीला पाणी घालताना भेटल्या. मी आडून विचारलं, "ऋतुजाचं काय चाललंय हल्ली?"

"तिचं संशोधन हो. मला मेलीला काही कळत नाही. येत्या रविवारी शेवटची माणसं यायचीत, मग त्याच संध्याकाळी मशीनं पुण्याला परत. ती शेवटची झाली की तिचं काम पुरं होतं. फार धसका घेतलाय पोरीनं. आणि आम्ही दोघं नेमके त्या दिवशी संगमनेरला लग्नाला."

माझ्या डोक्यात एवढंच शिरलं: रविवार शेवटचा! म्हणजे गरजू माणसांना तेवढाच एक दिवस. आणि ऋतुजाला धसका कशाचा? शेवटच्या दिवशी माणसं आली नाहीत तर? अहो, माणसं जमवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. या पोरीच्या बारशाला तिला पाळण्यात मी घातलंय. तिच्या उपयोगी पडायचं नाही तर कुणाच्या?

मी कोल्हारला सिंधूवन्संना फोन लावला. ह्यांच्या थोरल्या बहीण त्या. प्रवरेच्या काठाला घर, आवाज असा की फोन नसता तरी नगरला ऐकू आला असता. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला वळण नगरचंच.)

"वन्सं, गावात कुणाचे डोळे बिघडलेत का?"

"कुनाचे बिगडल्याले न्हाईत ते इचार! आमच्या चुलतसासऱ्याला तर म्हस आन् मोटरसायकल सारखीच दिसती."

"मग या घेऊन रविवारी. फुकट तपासणी आहे. नवीन मशीन आलंय."

"मंगल, लई पुण्य लागंल गं तुला!"

पुण्य! थांबा, येतेच पुण्यावर.

रविवारी सकाळी आमच्या दारात जीप थांबली आणि तिच्यातून माणसं उतरतच राहिली. काठी टेकणाऱ्या आज्या, चष्म्याला दोरा बांधलेले आजोबा, एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावलेले ते चुलतसासरे, भाकरीची गाठोडी. शेवटी पदर खोचून सिंधूवन्सं. मी सगळ्यांना गाडेकरांच्या अंगणात बसवलं. आमच्या घरातल्या खुर्च्या आणल्या, सतरंजी घातली. आतून दार लोटलेलं होतं. फटीतून पाहिलं तर ऋतुजा स्वतःच डबा चढवून, कानांवर काहीतरी लावून, हवेत हात फिरवत होती. मी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना म्हटलं, "शूऽऽ! मशीन गरम करतेय."

तेवढ्यात फाटकाशी एक गाडी थांबली. तिघं उतरले. दोन पुरुष, एक बाई. इस्त्रीचे कपडे.

"ऋतुजा मॅडम इथंच राहतात ना? आम्ही श्रीरामपूरहून आलोय. आमची दहाची वेळ आहे."

"सगळ्यांचीच दहाची आहे," मी म्हणाले. "मागं बसा."

"नाही, पण आमचं ठरलंय त्यांच्याशी..."

"अहो, डोळे बघा तुमचे, टकटकीत आहेत. ही म्हातारी माणसं पहाटेपासून निघालीत. त्यांना आधी नको का जाऊ द्यायला?"

ती तिघं अंगणाकडे बघत राहिली. एकानं फोन लावला. आत तो वाजतही असेल, पण ऋतुजाचे कान झाकलेले. बराच वेळ चुळबुळ करून ती बाई म्हणाली, "भाचीचा साखरपुडा आहे हो दुपारी. आम्हाला थांबता येणार नाही. आज त्यांचा दुसराच कार्यक्रम दिसतोय. मॅडमना सांगाल का?"

"सांगते की! पुढच्या वेळेला या हां, निवांत," मी म्हणाले. आणि वर हसून निरोपाचा हातही हलवला. हात हलवला मी, ऐकताय ना?

गाडी वळते न वळते तोच ऋतुजा बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळ्यांभोवती डब्याचा वळ. अंगण बघून ती दारातच थबकली.

"काकू... हे कोण?"

"तुझे पेशंट!" मी अभिमानानं सांगितलं. "कोल्हारहून आणलेत. आधी ह्या चुलतसासऱ्यांना घे, त्यांना म्हैस आणि मोटरसायकल..."

"कसले पेशंट, काकू?"

"डोळ्यांचे गं. तू डोळे तपासतेस ना?"

ती हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. तिनं रस्त्याकडे पाहिलं. "काकू, तीन माणसं आली होती का? श्रीरामपूरची?"

"आली होती. पाठवलं की मी परत. धडधाकट होती."

पोरगी पायरीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं बघा. नुसती बसली. मग ती अर्धा तास फोन लावत राहिली. तो लागला तेव्हा ते लोक विळद घाट उतरून पुढे गेले होते. साखरपुडा काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता, आणि संध्याकाळी मशीनं न्यायला पुण्याहून माणूस निघाला होता. फोन ठेवून ती मला म्हणाली, अगदी शांतपणे, जणू माझीच समजूत घालत होती:

"मी डोळे तपासत नाही, काकू. आकडे असतात ना, पावसाचे, विहिरींच्या पाण्याचे, ते कागदावर बघण्याऐवजी या डब्यात घर बांधल्यासारखे उभे करता येतात. व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात. तीन माणसं एकदम आत जातात आणि त्या आकड्यांत फिरून उत्तर शोधतात. ती एकमेकांना कसं दाखवतात, कोण बोलतं, कोण गप्प होतं, कुणाचं बघायचं राहून जातं, ते मी बघते. तेच माझं संशोधन. माझा हा शेवटचा गट होता."

मी खाली बघत उभी. आमचे हे कुंपणापलीकडून म्हणाले, "विचारलं असतंस तर?" नवरे नेमके अशाच वेळी बोलतात.

अंगणातली गर्दी बघून एव्हाना कमलबाईही येऊन ठेपल्या होत्या. मी त्यांचा हातच धरला. "कमलबाई, गिरणीत तुम्ही काय सांगत होता? भाच्याला कधी दिसलं नव्हतं ते दिसायला लागलं, आणि मग? मग काय?"

"मग चक्कर आली नि सोफ्यावर आडवा झाला! लिंबू सरबत पाजावं लागलं. का हो?"

ऐकलंत? एवढंच होतं ते! गिरणीवाल्यानं दोन श्वास थांबायला काय घेतलं असतं?

शेवटी कोंडी फोडली सिंधूवन्संनी. "पोरी, तुला तीन मानसं पायजेत ना? आमी तिगी हाय की."

"तसं नसतं, आत्या..." ऋतुजा म्हणाली आणि मधेच थांबली. विचारात पडली. "तिघी एकमेकींना ओळखता?"

"वळखतो?" वन्सं म्हणाल्या. "मंगल ह्या घरात आली तवापासून हिची खोड जिरवतीया मी. आन् मी आले की ही कमल दर येळी गप्पांना हजर."

ऋतुजाला पहिल्यांदा हसू आलं. एकमेकांना ओळखणारी आणि हे आकडे पूर्वी न पाहिलेली तीन माणसं, एवढीच म्हणे तिची अट होती. तिनं पुण्याला सरांना फोन करून विचारलं, आम्हाला सगळं समजावून सांगितलं, आमच्या सह्या घेतल्या. वन्संनी सही केली आणि विचारलं, "शेतबित न्हाई ना जानार?"

मग डबे चढले. आणि काय सांगू तुम्हाला, गाडेकरांचा हॉल गेला! सोफा गेला, शोकेस गेलं, भिंती गेल्या. भोवती खांबच खांब. एकेक खांब म्हणजे एकेका गावातल्या विहिरींचं पाणी. पाणी असेल तर उंच निळा, खोल गेलं की बुटका लाल. कुठल्या गावांचं पाणी आधी आटतं आणि त्याच्यासोबत आणखी काय बदलतं, ते आम्ही शोधायचं. वन्सं दिसत होत्या, पण कशा? नुसतं एक डोकं आणि दोन हात. धड नाही, लुगडं नाही.

"अगं बया, माजा पदर कुटं गेला?" वन्सं ओरडल्या. दारात चुलतसासरे बसलेले ना! त्यांनी चाचपून पदर शोधला आणि थेट डब्यावरून डोक्यावर घेतला. त्याबरोबर आतलं त्यांचं डोकं जमिनीला टेकलं. म्हणे डब्यावर बारीक कॅमेरे असतात, ते पदरानं झाकले गेले. ऋतुजानं हळूच पदर मागं सरकवला. तेवढ्यात चुलतसासऱ्यांचा आवाज आला, "सिंधू, मला काय दिसत न्हाई. तू चालू दे तुजं."

एक सांगते, त्या डब्यात शिरल्यावर माणसाचा स्वभाव काही बाहेर राहत नाही. मी लगेच दोघींना कामाला लावलं. "कमलबाई, तुम्ही तिकडचे मोजा. वन्सं, तुम्ही इकडचे. मी सांगते काय ते." दोघींनीही ऐकलं नाही. कमलबाई मुकाट्यानं लांब कोपऱ्यात गेल्या. वन्संना कोल्हारचा खांब सापडला, निळाभोर, उंच.

"बगा, बगा आमचं कोल्हार! हाय का कुनाचं असं?"

मी सांगायला सरसावले, पण मला बाई नीट दिसेचना. "ऋतुजा, या डब्याची काच पूस गं जरा. उजवीकडची धुरकट आहे."

तिनं काढून पुसून दिली. मी खांबाला हात लावायला गेले, हात हवेत. वन्सं म्हणाल्या, "अगं मंगल, त्यो लांब हाय. जवळचा ह्यो." मला तर सगळेच भिंतीवर रंगवल्यासारखे दिसत होते. "ऋतुजा, काच पुन्हा पूस."

"कमल, हिकडं ये की," वन्संनी हाक मारली. "आमचं पानी बगायला ये."

"तुमच्या पाण्यावर तुमचा ऊस," कोपऱ्यातून कमलबाईंचा आवाज आला. "तोडायला आमची माणसं."

कमलबाईंचं माहेर पाथर्डीकडचं, कोरडा पट्टा. त्यांच्याभोवती सगळे खांब बुटके आणि लाल होते. त्या त्यांच्यातच उभ्या होत्या. म्हणजे ते डोकं आणि ते दोन हात. तोंड दिसत नव्हतं, पण ते डोकं खाली वाकलेलं होतं, एका खांबाकडे.

"हा आमच्याकडचा," त्या म्हणाल्या. "हा एवढा झाला की आमच्याकडं कोयते बाहेर निघतात. गावात नुसती म्हातारी माणसं राहतात. हे कधी असं उभं केलेलं बघितलं नव्हतं."

वन्सं तो आपला निळा खांब सोडून निघाल्या, लाल खांबांतून वाट काढत कमलबाईंजवळ गेल्या आणि त्यांनी हात पुढे केला. आत दिसणारा हात कमलबाईंच्या हातातून आरपार गेला. मग बाहेरचा खरा हात चाचपडत खऱ्या हाताला लागला. तसा धरून ठेवला त्यांनी.

"दाव मला," वन्सं म्हणाल्या. "तुजं गाव कंचं?"

मग कमलबाई दाखवत गेल्या, वन्सं बघत गेल्या, आणि मी लांबून ओरडत होते, "मोजा! मोजताय ना?"

डबे उतरले तेव्हा ऋतुजाचे डोळे चमकत होते. मी विचारलं, "आलं का उत्तर बरोबर?"

"साफ चुकलं, काकू."

"अगं मग आता?"

"मला उत्तर नकोच होतं. कुणी कुणाला कसं दाखवलं, ते हवं होतं. आणि ते आज जसं मिळालं तसं..." ती थांबली आणि मला म्हणाली, "तुमचंही टिपून ठेवलंय हां. सगळा वेळ दुसऱ्यांना सांगत होतात, एकदाही कुणाच्या बाजूला जाऊन बघितलं नाहीत."

खरंच होतं. गिरणीपासून तेच तर चाललं होतं माझं. मी विषय बदलला. "ते असू दे. तुझी काच मात्र खराब आहे. मशीनं परत करायच्या आधी सांग त्यांना."

ऋतुजानं माझा डबा वन्संच्या डोळ्यांवर चढवला. "आरशावानी लख हाय की," वन्सं म्हणाल्या. मग तिनं वन्संचा डबा मला दिला. काय आश्चर्य! त्याचीही उजवी काच धुरकट.

ऋतुजा माझ्याजवळ आली. "काकू, डबा काढा. आता डावा डोळा झाका. मी किती बोटं धरलीत?"

"कुठली बोटं?"

मग चुलतसासरे हिरव्या पट्टीखालून खोकले आणि म्हणाले, "सिंधू, हिला आमच्या जीपमदी घ्या."

पुढचं थोडक्यात सांगते. ह्यांनी जीपमध्ये बसवून सगळ्यांना खऱ्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तो रविवारचा बंद. त्यामुळे अख्खं शिबिर रात्री माझ्याच घरात मुक्कामाला. पिठलं ढवळून माझा हात भरून आला, ते वन्संनी सांगितलेलं पुण्य. सोमवारी दवाखाना उघडला. मी सवयीनं पुढे घुसले, तर तिथली बाई म्हणाली, "अहो, तुम्ही रांगेत या."

मोतीबिंदू. बऱ्याच दिवसांचा, म्हणाले. एका डोळ्याचं काम दुसरा मुकाट्यानं उरकत होता आणि मला पत्ताच नव्हता. गल्लीत कुणाकडे कोण आलं, कोण गेलं, सगळं माझ्या नजरेत. आणि माझ्याच नजरेचं काय झालं ते मात्र मी सोडून कुणालाही दिसलं असतं.

म्हणजे कमलबाईंची बातमी, मी लावलेल्या अर्थानं, अगदीच खोटी नव्हती. ऋतुजा डोळे तपासत नाही. पण त्या रविवारी तिनं एक डोळा तपासला.

ऑपरेशन होऊन पट्टी निघाल्यावर मी पहिली कुठं गेले असेन? स्वयंपाकघराच्या खिडकीत! आणि बघते तर गाडेकरांच्या काचा प्रवरेच्या पाण्यासारख्या नितळ. मी हाक मारली, "नलूवहिनी, पुसल्या वाटतं काचा!"

"मंगलताई, तुम्ही म्हणता म्हणून दर आठवड्याला पुसतेच आहे हो मी," त्या म्हणाल्या.

मला कुठं तोंड लपवू असं झालं. दुसऱ्या दिवशी खिडकीत गेले, तर समोर नवाकोरा जाड पडदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हे काय, वहिनी?"

पडद्याआडून नलूवहिनींचं हसू ऐकू आलं. "राग मानू नका, मंगलताई. एका डोळ्याला काच पुरत होती. दोन्ही डोळ्यांना पडदाच लागतो."